उलार

माझ्या साडभावानं अकोल्याच्या एका लग्नात, मांडवाच्या दारात, चारचौघांसमोर विचारलं, "भाऊ, तुमची गाडी नेहमी बूड वर करून काऊन उभी राह्यते?" लोक हसले. मीही हसलो. ते हसणं खोटं होतं, हे आधीच सांगून टाकतो. पुढचा सगळा मूर्खपणा तिथून सुरू होतो.

गाडी म्हणजे पिकअप. २०२१ मध्ये सेकंड हॅंड घेतलेली. पुढं दोन रांगांत घरची माणसं बसतात, मागच्या डाल्यात टनभर माल बसतो. पुढच्या चाकांना गुंडाळी स्प्रिंग, मागच्या चाकांना पाटे. मागच्या पाट्यांत सगळ्यात खालचा जाड आणि सरळ असतो. गाडी रिकामी असताना तो वरच्यांना टेकतही नाही. माल पडला, वरचे पाटे दबले, की मग तो कामाला लागतो. म्हणून रिकामी पिकअप पुढून झुकलेली आणि मागून उचललेली दिसते. माझी पुढून सहा सेंटिमीटर खाली होती. मी टेप लावून मोजलं होतं. लग्नाहून परत आलो त्याच रात्री, बॅटरीच्या उजेडात. एका हसण्यापायी माणूस रात्री अकरा वाजता गाडी मोजायला बसतो, यातच काय ते कळायला हवं होतं.

अमेरिकेत पिकअपचं पुढचं अंग उचलून ती मागच्याबरोबर सपाट करण्याचं सामान मिळतं. लेव्हलिंग किट म्हणतात. तिकडं कित्येक पिकअप ऑफिसला जायला-यायला वापरतात, डाल्यात फार तर एखादी कुत्र्याची पेटी. त्यांना ते शोभत असेल. मी पंधरा दिवस त्याचे व्हिडिओ पाहिले. मेकॅनिकलचा डिप्लोमा आहे माझा, अमरावतीला केलेला. नोकरी दोन वर्षं केली, मग शेती आणि संत्र्याचा धंदा. त्या डिप्लोम्याचा उपयोग मी आजवर मुख्यतः इतरांना गप्प बसवण्यासाठी केला आहे.

गाडी वाकडी दिसते हे कारण मी घरात सांगायचो. खरं कारण वेगळं होतं. अंजनगावच्या बसस्टँडजवळ सकाळी उभं राहा. केळी, पान, पानपिंपरी, संत्रा, भाजी, यातलं काहीतरी वाहणाऱ्या गाड्या दिसतील. ज्या रिकाम्या, त्या सगळ्या तशाच उभ्या, बूड वर करून. मला त्या रांगेत उभं दिसायचं नव्हतं. अकोल्या-नागपूरच्या नातेवाइकांत मला 'स्वतःची गाडी असलेला' दिसायचं होतं, 'भाड्यानं माल मारणारा' नाही. माल मीच वाहत होतो. आमच्या घराची भाकरी त्या डाल्यातूनच येत होती.

ओझं वाहणाऱ्याकडं न पाहणं आमच्याकडं जुनंच असावं. गावाचं नाव इतिहासाच्या पुस्तकात एका ओळीत येतं: ३० डिसेंबर १८०३, शिंदे आणि इंग्रज यांच्यातला सुर्जी-अंजनगावचा तह. त्याच्या पंधरा दिवस आधी, १५ डिसेंबरला, गाविलगडचा किल्ला इंग्रजांच्या हाती पडला होता. त्यासाठी त्यांच्या स्टीव्हन्सन या सेनानीच्या फौजेनं जड तोफा सातपुड्याच्या डोंगरांतून वळसा घालून गडाच्या उत्तरेला नेल्या. ७ ते १२ तारखेपर्यंत त्या ओढणं चाललं होतं, दऱ्याखोऱ्यांतून, बराचसा रस्ता माणसांच्या हातांनी. शाळेत आम्ही तहाची तारीख पाठ केली. तोफा कोणी ओढल्या हे ना मास्तरांनी सांगितलं, ना मी विचारलं.

असो. अकोट रोडला एक टिनाचं शेड आहे. तिथं पाट्यांचं काम होतं. मिस्त्रींना सगळे चाचा म्हणतात. तुटलेला पाटा काढणं, नवा घालणं, बसलेल्या पाट्याला भट्टीत तापवून, ठोकून पुन्हा बाक देणं, यात त्यांची चाळीस वर्षं गेली आहेत. मी गेलो तो काम सांगायला. विचारायला नाही.

"पुढून दोन इंच वर घ्यायची आहे."

"कायले?"

"लेव्हल दिसली पाहिजे."

चाचांनी पुढं पाहिलंच नाही. मागं गेले, वाकले, खालच्या पाट्यावर बोट फिरवून पाहिलं. बोटाला मालाच्या धुळीचा थर लागला. ते बोट लुंगीला पुसत म्हणाले, "भाऊ, तुमची गाडी रिकामी राह्यते किती दिवस?"

मी म्हणालो, "ते जाऊ द्या. किट मी आणून देतो, तुम्ही बसवता का?"

"बसवाले काय जाते? पन पुढून उचलली आन मंग मागं माल टाकला, तं थे आभायाकडे पाह्यन. निस्ती दिसाले बरी पाह्यजे असन तं मागचा एक पाटा काढून देतो. पन मंग कॅरेट भरू नोका."

शेडमधला एक पोरगा हसला. तेच हसणं, लग्नातलं. मी गाडी चालू केली आणि निघालो.

वाटेत मी काय विचार केला ते लिहायला हात अडखळतो, पण तेच लिहायला बसलो आहे. मी म्हणालो, ह्या लोकांना नवीन काही नको असतं. ठोकाठोकीपलीकडं ह्या लोकांना काय कळतं. 'ह्या लोकांना' यात मी कोणाकोणाला बसवलं होतं, ते तेव्हा तपासलं नाही. आता तपासतो तेव्हा त्यात चाचांची जात-जमात येते, त्यांचं सहावीपर्यंतचं शिक्षण येतं, भोकं पडलेली बनियन येते, आणि सगळ्यात मागं, अंग चोरून, माझा बापही येतो.

किट अमरावतीला बसवलं. दुकानाला दोष नाही, मी मागितलं ते त्यांनी दिलं. अर्ध्या दिवसाचं काम. जॅकवर घेऊन चाक काढायचं, वरच्या आर्मचा बॉल जॉइंट सोडवायचा, स्प्रिंग आणि शॉकअप यांचा जोड खालून सोडायचा, वरचे तीन नट काढून तो बाहेर घ्यायचा, डोक्यावर अॅल्युमिनियमची इंचभर जाडीची चकती ठेवायची आणि सगळं परत जोडायचं. चकती इंचाची, पण गाडी दोन इंच उचलली जाते. शॉकअप आर्मच्या साधारण मधोमध बसतो आणि चाक आर्मच्या टोकाला असतं, म्हणून. कोपराजवळ हात बोटभर हलला की तळहात दोन बोटं हलतो, तसं. हे मी दुकानातल्या पोरांना समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. ग्राहक होतो मी.

व्हील अलाइनमेंट करून घ्या म्हणाले, मी पुढच्या खेपेला म्हणालो. कायदाही मला ठाऊक होता. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीनं ठरवलेल्या मूळ रचनेत मालकानं फेरफार करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते ठणकावून सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं दर फेरफारामागं पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीही, अशी तरतूद आली. वाचलं होतं मी. 'चालतं' नावाचं एक खातं आपल्या सगळ्यांच्या डोक्यात असतं, त्यात टाकून दिलं.

चार महिने मी सुखी होतो. पाऊस सुरू होता, बागेत माल कच्चा होता, गाडी रिकामी फिरत होती. सपाट, छाती काढून. स्टिअरिंग हलकं लागायचं, वळण घेतल्यावर चाक आपणहून सरळ यायला कुचराई करायचं. मी त्याला 'स्मूथ' म्हणायचो. साडभावाला फोटो पाठवला, त्यानं अंगठा पाठवला.

नोव्हेंबरात आंबिया बहराचा तोडा सुरू झाला. पहिल्या दिवशी पंचेचाळीस कॅरेट भरले. एकेक कॅरेट बावीस किलोच्या आसपास, म्हणजे टनाला थोडं कमी. मजुरांचं आटपेपर्यंत दिवस बुडाला. बाबा बांधावर बसले होते. त्यांचं वय आता ऐंशीच्या पुढं, वावरात काम होत नाही, पण तोड्याच्या दिवशी येतातच. मी दोर आवळत होतो. बाबा बराच वेळ गाडीकडं पाहत होते. मग एकच शब्द म्हणाले.

"उलार."

ज्यांनी बंडी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. बंडीत ओझं मागं जास्त झालं की धुरा वर उचलला जातो, जू बैलांच्या खांद्यावरून उठतं आणि जोत गळ्याला फास घालतं. पाय जमिनीवर, मान वर, आणि दम कोंडलेला. त्या अवस्थेला उलार म्हणतात. बाबा बंडी भरून झाली की बैल जुपण्याआधी धुरा एका हातानं उचलून पाहायचे. फार हलका लागला की दोन पोती मागून पुढं. फार जड लागला की पुढची मागं. मी दहा वर्षांचा असताना त्या पोत्यांबरोबर मलाही पुढं-मागं बसवायचे. तराजूतलं शेवटचं वजन मी असायचो, आणि त्याचा मला केवढा मान वाटायचा!

मी म्हणालो, "बाबा, ही बंडी नाही." आणि निघालो.

अंजनगाव ते परतवाडा, पथ्रोटवरून. तीसेक किलोमीटर. अंधार पडला होता. पहिल्या पाच किलोमीटरमध्येच समोरून येणारा जो तो मला डिपर मारत होता. ट्रकवाले, मोटारसायकलवाले. माझा लाईट डिपरवरच होता, मी दोनदा खात्री केली. मग मला राग यायला लागला. एकाला मी उलट अप्पर मारला. लोकांना गाडी चालवायची अक्कल नाही, असं काहीतरी बोललोही. बाजूच्या सीटवर मजुरांचा मुकादम होता. तो काही बोलला नाही.

पथ्रोटच्या अलीकडं समोरून एक मोटारसायकल आली. तिनंही डिपर मारला. एकदा, दोनदा. मग तिचा दिवा थरथरला, डावीकडं गेला, डांबर सोडलं आणि पऱ्हाटीच्या कडेला जाऊन थांबला. पडली नाही. एक पाय टेकवून माणूस उभा होता. मी ब्रेक मारला तेव्हा आमच्यात पंधरा-वीस मीटर अंतर असेल.

मागं त्याची बायको होती. पुढं टाकीवर चार-पाच वर्षांची मुलगी, बापाच्या छातीला पाठ टेकून झोपलेली. माणूस शिव्या देईल असं मला वाटलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, मी भांडलो असतो. तो थकलेल्या आवाजात म्हणाला, "भाऊ, डिपर तं मारा न. काईच दिसत नाई."

"डिपरवरच आहे!" मी काचेतून ओरडलो. त्याला पटावं म्हणून दांडी ओढून अप्पर केला. उजेड रस्ता सोडून पलीकडच्या कडुनिंबाच्या शेंड्यांत गेला. पानन् पान दिसलं. रस्त्यावर काही नव्हतं. मग दांडी सोडली, डिपर आला, आणि तो नेमका कुठं पडतो ते मी त्या गाडीत बसून पहिल्यांदा पाहिलं. त्या तिघांच्या चेहऱ्यांवर. मुलगी जागी झाली. रडली नाही. तिनं कोपरात दुमडलेला हात डोळ्यांवर घेतला आणि तसाच धरून ठेवला.

किती वेळ मी दिवा बंद केला नाही, सांगता येत नाही. तीन सेकंद असतील. त्या तीन सेकंदांत मला काहीही सुचलं नाही, चाचा आठवले नाहीत, बाबा आठवले नाहीत. मी फक्त तो हात पाहत होतो. दिवा मुकादमानं बंद केला. माझ्या अंगावरून हात घालून. त्यानंतर सगळं एकदम आठवलं. आभायाकडे पाह्यन. उलार.

त्या माणसाला मी काय म्हणालो? 'गाडीत काहीतरी फॉल्ट आहे' असं म्हणालो. हे मला आजही टोचतं. फॉल्ट नव्हता, मी पैसे मोजून बसवलेले दोन इंच होते. तो "बरं बरं" म्हणाला, बायकोला उतरवलं, गाडी डांबरावर घेतली आणि गेला.

डॅशबोर्डवर शून्य ते तीन आकड्यांची एक बारीक चकती असते, माल भरल्यावर दिव्यांचा झोत खाली करायला. मी तिला कधी हात लावला नव्हता. तीनवर केली. थोडा फरक पडला, पुरेसा नाही. मुकादमानं वावराच्या सरीतला ओला चिखल ओंजळीत आणला आणि दोन्ही दिव्यांचा वरचा अर्धा भाग माखला. त्या तशा आंधळ्या गाडीनं, वीसच्या वेगानं, आम्ही परतवाडा गाठला. व्यापाऱ्याच्या माणसानं विचारलं, दिव्याले काय झालं? मुकादम म्हणाला, "दृष्ट लागू नये म्हनून."

काटापट्टीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी त्या रात्री गणित केलं. पुढं पाच सेंटिमीटर मी उचलले. मागं मालानं नऊ दबली. पुढच्या-मागच्या चाकांत तीन मीटर अंतर. म्हणजे झोत मीटरमागं साडेचार सेंटिमीटर वर गेला, आणि डिपरचा झोत मुळात मीटरमागं एखादा सेंटिमीटर खाली उतरावा असा बसवलेला असतो. वीस मीटरवर तो दिव्याच्या उंचीपेक्षा सत्तर सेंटिमीटर वर पोचतो, मोटारसायकलवाल्याच्या डोळ्यांशी. दहावीच्या पोराला येईल असं गणित. मी ते बसवण्याआधी केलं नाही, कारण मी गाडी भरलेली अशी मनात कधी उभीच केली नव्हती.

नंतर वाचनात आलं की अमेरिकेतच नॉर्थ कॅरोलिना राज्यानं पुढून उचललेल्या आणि मागून बसलेल्या गाड्यांवर बंदी घातली आहे, १ डिसेंबर २०२१ पासून. पुढची चाकाची कमान मागच्यापेक्षा चार इंच किंवा जास्त वर नको. तिथली पोरं हौसेनं तशा करतात. माझी भरलेली गाडी चार इंचांच्या आत होती खरी, पण तोल त्यांच्याच दिशेनं होता.

चाचांकडं जायला मला सहा दिवस लागले. माल अडत होता, भाड्याची गाडी लावत होतो, तरी सहा दिवस. काय बोलायचं ते ठरत नव्हतं. शेवटी गेलो आणि म्हणालो, "चाचा, काढायचं आहे." त्यांनी "सांगितलं होतं ना" म्हटलं नाही. "लावा आत" म्हणाले.

चाक काढल्यावर त्यांनी मला बोलावलं. वरच्या बॉल जॉइंटचं रबर फाटलं होतं, ग्रीस बाहेर येऊन त्यात माती बसली होती. आर्म सतत खाली ताणलेला राहिला, त्याचा परिणाम. टायरची एक कड खाऊन गेली होती. चाचांनी ती कड अंगठ्यानं दाबून दाखवली, बोलले नाहीत. दोन चकत्या काढून त्यांनी माझ्या हातात दिल्या. सुंदर होत्या, निळ्या रंगाच्या. अजून आहेत माझ्याकडं, कपाटात.

काम झाल्यावर चाचा म्हणाले, "रोडच्या पलीकडे जाऊन उभे राहा बरं." मी गेलो. त्यांनी शेजारच्या वेल्डिंगच्या दुकानातून पोरं बोलावली, रिकामटेकडी होती तीही, बारा-तेरा जणांना डाल्यात चढवलं. पोरं दात काढत उभी राहिली. गाडीचं मागचं अंग हळूहळू खाली आलं. नाक जरासं खाली, पाठ सरळ. मग चाचांनी हात केला, पोरं धपाधप उतरली, आणि मागचं अंग पुन्हा वर गेलं. जड ओझं उतरवून माणूस कंबर सरळ करतो, तितक्याच सावकाश.

पैसे विचारले तर बॉल जॉइंटचे आणि मजुरीचे घेतले. मला माफी मागायची होती. "त्या दिवशी मी जरा…" इथपर्यंत आलो, तर ते म्हणाले, "अलाइनमेंट करून घ्या आता," आणि भट्टीकडं वळले. माफी राहूनच गेली. त्यांना ती नको होती की मला मागता आली नाही, हे मी अजून ठरवलेलं नाही.

घरी आलो तर गोठ्याबाहेर बाबांची जुनी बंडी उभी होती. दहा वर्षांत तिला कोणी जुपलं नाही. धुरा जमिनीला टेकलेला, मागचं बूड वर. लहानपणापासून मी तिला असंच पाहत आलो होतो आणि एकदाही मला ती वाकडी वाटली नव्हती.

परवा मे महिन्यात पुन्हा लग्न होतं, पुन्हा अकोल्याला. साडभावानं गाडी पाहिली. "हे काय, पुन्हा बूड वर?"

"रिकामी हाये ना," मी म्हणालो.

त्याला ते उत्तर वाटलं की नाही कोण जाणे. संध्याकाळी मंडपवाल्याचा टेम्पो आला नाही, तर आचाऱ्याची भांडी पोचवायचं काम माझ्याकडं आलं. गंज, पराती, दोन मोठ्या कढया, झारे, आणि वर सतरंज्यांचे गठ्ठे. साडभाऊ एका बाजूनं उचलत होता, नव्या कुर्त्याला काळं लागलं म्हणून कुरकुरत होता. मी त्याला म्हणालो, "मोठा गंज मागं नको, पुढं सरकव, केबिनला लागून."

"कायले?"

"सांगतो, आधी सरकव."